रिस्साच्या गिटारीतलं चुंबक

सोमवार, २१ एप्रिल

पोचलो एकदाचा. ट्रकवाल्याने तामनरासेतला, ताहागार्त वस्तीच्या चौकात उतरवलं तेव्हा अंगावर इतकी धूळ होती, की आतेभावाने मला ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा मुद्दाम दाखवलं नाही. दुकानातूनच ओरडून त्याने शेजारच्या खाटकाला विचारलं, की जानेतहून गाढवं कधीपासून यायला लागली? मी म्हटलं, इथली सगळी दुकान टाकून बसली असं कळलं, म्हणून. अख्खा चौक हसला. आतेभाऊ-मामेभाऊ भेटले आणि एकमेकांची साल काढली नाही, तर आमच्यात ते भांडण झाल्यासारखं धरतात.

खामादीन माझ्याहून बराच मोठा. पोट सुटलंय, पण हात बाईच्या हातासारखे नाजूक. दुकानात रेडिओ, फोन, लाउडस्पीकर सगळं दुरुस्तीला येतं, पण खरं नाव आहे ते गिटारींसाठी. तामनरासेतमध्ये लग्न म्हटलं की विजेची गिटार आलीच, आणि गिटार बिघडली की खामादीन. जानेतला मी स्पीकर दुरुस्त करत होतो. इथे गिटारीचं काम शिकायचं आणि वर्षभराने आपलं दुकान टाकायचं, असा बेत आहे.

दुकानामागच्या खोलीत माझी चटई आहे. खिडकीतून डोंगर दिसतो. निघताना बहिणीने ही वही दिली आणि माझ्या निळ्या पटक्याच्या काठाला लाल दोऱ्याची टीप घालून दिली, हरवला तर ओळखू यावा म्हणून. म्हणाली, रोज लिही, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. लिहितोय. डोकं ताळ्यावर आहे. तीन पेले चहा झाला आणि तिसराही गोड होता.

गुरुवार, २४ एप्रिल

आज पहिल्यांदा गिटार उघडली. तारांच्या खाली एक चपटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढेच वेढे, मधून लोखंडी खिळे, आणि सगळ्यांच्या तळाशी चिकटवलेली चुंबकाची पट्टी. वर गिटारीची तार थरथरली की ती थरथर या डबीला कळते आणि डबी ती लाउडस्पीकरला सांगते. इथे येणाऱ्या बहुतेक स्वस्त गिटारींत काळं, ठिसूळ चुंबक असतं. त्याची ओढ फार. आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा येतो. खामादीन ते काढतो आणि जुन्या तऱ्हेचं, करड्या धातूचं चुंबक बसवतो. ते मवाळ असतं. तीच गिटार, त्याच तारा, पण आवाज गोल होतो, मागे रेंगाळतो.

काम सोपं दिसतं, पण नाही. डिंक गरम करून सोडवायचा, वेढ्यांना नख लागता कामा नये, आणि नवं चुंबक बसवताना त्याचं उत्तरेचं टोक जुन्याच्याच बाजूला यायला हवं. होकायंत्र धरून बघतात. मी उलटं बसवलं. दोन्ही पिकअप एकदम लावल्यावर आवाज विहिरीतून आल्यासारखा पातळ झाला. गिऱ्हाइकांसमोर खामादीन म्हणाला, "उत्तर कुठे असते ते यांना जानेतमध्ये कोणी सांगितलेलंच नाही. म्हणून तर इथवर यायला याला तेवीस वर्षं लागली."

गिऱ्हाइकांत रिस्सा होता. लग्नांत वाजवणाऱ्यांत सध्या त्याच्याइतकी मागणी कोणाला नाही. फार बोलत नाही. तोंडावरचा पटका चहा पितानाही खाली करत नाही, पेला कापडाच्या आतून नेतो. वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडं टाकायची लाज आता आमच्या वयाचे कितीजण पाळतात? मी तर माझा पटका हनुवटीखाली घेऊन फिरतो. त्याच्यासमोर नकळत वर ओढला.

शुक्रवार, २ मे

आठवडाभरात चार गिटारींची चुंबकं बदलली. कालच्या गिटारीला खामादीनने नुसतं हुं केलं, शिवी नाही. म्हणजे पास.

करडी चुंबकं मात्र संपत आली. ती तो सोनं शोधणाऱ्या पोरांकडून घेतो. त्यांच्या घमेल्यात सोन्याच्या कणांबरोबर काळी वाळू उरते, ती ओढून काढायला प्रत्येकाकडे चुंबक असतं, आणि कोणाकोणाकडे जुन्या मोडलेल्या यंत्रांतल्या लांब पट्ट्या असतात. परवानगीशिवाय सोनं शोधायला बंदी आहे. पोलीस गाड्या जप्त करतात, पोरांना आत टाकतात. तरी निम्मं गाव तिकडेच.

शनिवार, १० मे

उद्या मोटारसायकलवरून सोनेवाल्यांच्या तळावर जायचंय. खामादीनने कागदावर वाट काढून दिली. येताना हमरस्ता टाळायचा, कारण पोलीस तिथे असतात. कोणीतरी माझ्या एकट्यावर काम सोपवलं याचा आनंद झाला, हे लिहायला हरकत नाही.

सोमवार, १२ मे

काल काय झालं ते क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की इतकं वाईट दिसणार नाही, असं वाटतं.

तळावर चुंबकाचे तुकडेच मिळाले, पट्टी एकही नाही. त्यांनी सोनं शोधायच्या यंत्राची एक तबकडी दुरुस्तीला दिली, ती गोणपाटात बांधून घेतली. परतताना पांढऱ्या खडकांच्या पलीकडच्या कोरड्या ओढ्यात एक गाडी उलटलेली दिसली.

खाली एक मुलगा होता. माझ्याच वयाचा. डावा पाय मांडीपर्यंत गाडीखाली. आदल्या दिवसापासून तसाच. ओठ फुटलेले. आणि मला बघून त्याने दारात उभं राहून करावी तशी सगळी विचारपूस केली. बरा आहेस ना, घरचे बरे ना, थकवा कसा काय, ऊन कसं काय. मीही उत्तरं दिली. काय करणार?

त्याचं नाव अगाली. आई तामू, कत्तलखान्यामागे राहते. मी म्हटलं, मी उक्सेम, जानेतचा, खामादीनचा मामेभाऊ. तो म्हणाला, "जानेतचा? मग मेलोच म्हण की." आणि हसला. हसताना ओठातून रक्त आलं. मग म्हणाला, "चेष्टा केली रे. तू देवासारखा आलास."

गाडी रेटून बघितली. हलली नाही. माणसं आणि जॅक हवा होता. माझ्याकडचं पाणी त्याच्याजवळ ठेवलं, अर्धी बाटली स्वतःला ठेवली. संध्याकाळच्या आत माणसं घेऊन येतो म्हणालो. शब्द दिला. त्याने गळ्यातली दोरी काढून दिली, तिला चुंबकाची करडी पट्टी बांधलेली होती. म्हणाला, "आईला दाखव. त्याशिवाय ती उठायची नाही. मी नेहमीच उशिरा येतो, तिला सवय आहे."

गावाच्या अलीकडे पोलिसांनी वाट अडवली होती. हमरस्त्यावर नाही, याच वाटेवर. पोरांना जमिनीवर बसवलेलं लांबून दिसलं. माझ्याकडे ती तबकडी. टाकून द्यायला हवी होती. पुढे जाऊन पोलिसांनाच सांगायला हवं होतं, की माणूस मरतोय. मी खडकांत शिरलो. ते गेले की निघू म्हटलं. ते गेले नाहीत. अंधार पडल्यावर आलो.

दुकानात माणसं होती, रिस्साच्या गटातली, गुरुवारच्या लग्नाची बोलणी चालली होती. खामादीन ओरडला, गाढव परत आलं, कापून खाऊ नका रे. सगळे हसले. मला पेला दिला. पहिला पेला पिऊन सांगू म्हटलं. मग दुसरा.

सकाळी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, काल का नाही सांगितलंस.

त्या वाटेने बरेच सोनेवाले जातात. कोणीतरी थांबलंच असेल.

मंगळवार, १३ मे

तामूच्या घरी गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो. चुंबक खिशात, हातात धरलेलं.

ती दारात बाजरी पाखडत होती. उंच बाई, मनगटावर चांदीचं कडं. मला बघून आधी तिनेच विचारपूस केली, अगदी त्याच चालीवर. कोणाचा रे तू, म्हणाली. मी सांगितलं. म्हणाली, "जानेतची माणसं लाजाळू असतात असं ऐकून होते. आत ये ना. माझा मुलगाही येईल एवढ्यात, तुझ्याच वयाचा आहे."

मी काडेपेटी मागितली.

तिने दिली. वर मूठभर खजूर दिले. मी ते खाल्ले. कोपऱ्यावर उभा राहून सगळे खाल्ले.

परवाचा दिवस असता तर. कालची सकाळ असती तरी. दुपारी सावलीत हात पोळतोय.

बुधवार, १४ मे

रिस्साला उद्यासाठी आवाज बदलून हवा होता. दुकानात पट्टी नाही. माझा सदरा खुंटीवर होता, खिसा लोखंडी कपाटाला चिकटून बसला. खामादीनने हात घालून चुंबक काढलं. खूश झाला. म्हणाला, "अरे, हा तर खजिना! कुठे लपवला होतास?" मी म्हटलं, तळावर दिलं. तो म्हणाला, मग घाल की.

दोरी मी आधीच तोडून टाकली होती. पट्टीच्या एका कडेला खाच आहे, आणि बारीक खरवडलेलं एक अक्षर. ते खालच्या बाजूला केलं. होकायंत्राने टोक बघितलं, वेढ्यांखाली बसवलं, मेण ओतलं. आत गेल्यावर काही दिसत नाही. मला हलकं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं.

रिस्साने वाजवून बघितलं. असा आवाज या दुकानातून कधी गेला नसेल. खामादीनचे डोळे भरले. माझ्या पाठीवर थाप मारली. मी पटका नाकापर्यंत ओढून घेतला.

गुरुवार, १५ मे

दुपारी लग्नाच्या तंबूत होतो. बायका ढोल घेऊन बसल्या होत्या, रिस्सा वाजवत होता, म्हातारे लोक मान डोलवत होते. गाणं संपल्यावर त्याने पंजा तारांवर ठेवून त्या बंद केल्या. सगळं थांबलं. तेव्हा स्पीकरमधून श्वास ऐकू आला.

मग कोणीतरी बोललं. घसा कोरडा, पण शब्द स्वच्छ.

"येईल तो. शब्द दिलाय त्याने."

माणसं हसली. कोणी म्हणालं, टॅक्सीवाल्यांचा वायरलेस घुसला. एक पोरगी म्हणाली, नवरी कोणाची वाट बघतेय बघा. रिस्सा हसला नाही. त्याने तारा सोडल्या आणि पुढचं गाणं धरलं. पुढच्या विरामात पुन्हा:

"जानेतचा आहे. लाजाळू असतात ती माणसं. पण येतात."

मी तंबूच्या मागच्या बाजूने निघून आलो.

शनिवार, १७ मे

खामादीन म्हणतो, मेण कमी पडलं. वेढे सैल राहिले की पिकअप कानासारखा होतो, आसपासचं बोलणं पकडतो. असं होतं, मीही पाहिलंय. रिस्साने गिटार परत आणून दिली. मी पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून ठेवला, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. आता त्यात वारासुद्धा शिरणार नाही.

जोडून बघितलं. आवाज आणखी स्वच्छ झाला.

"ऊन उतरलं की येईल."

खामादीनने ऐकलं. चेष्टा केली नाही. स्पीकर बंद केला. मग म्हणाला, ओसाडात एकटं माणूस फार वेळ राहिलं की ओसाडातले लोक त्याच्याजवळ येऊन बसतात. हवी ती रूपं घेतात, हव्या त्या गळ्याने बोलतात. आजी सांगायची. त्याने मला विचारलं, पट्टी नक्की कोणी दिली? मी म्हटलं, नाव नाही विचारलं.

रविवार, १८ मे

लग्नातल्या कोणीतरी तामूला त्या आवाजाबद्दल सांगितलं, म्हणे अगालीचाच वाटतो. ती आज दुकानात आली. अगाली आठवड्याभरात आला नाही, त्याच्याबरोबरच्यांना वाटतंय तो घरीच आहे. स्पीकरसमोर जमिनीवर बसली. खामादीनने मला सांगितलं, तारा छेड. माझ्याच हाताने.

"आई," असं तो म्हणाला.

तामूने ओरडा केला नाही. पटकन पदर सावरला, कोणी घरात आल्यावर सावरावा तसा. "कुठे आहेस रे?" तिने विचारलं. त्याने सांगितलं. पांढरे खडक, कोरडा ओढा, सगळं. नीट, रस्ता सांगतात तसं. मग म्हणाला:

"घाबरू नकोस. तो आलाय. उक्सेम. म्हटलं होतं ना, येईल. माझं डोकं मांडीवर घेतलंय. पाणी गार आहे, आई."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी पटका वर ओढून घेतला.

मंगळवार, २० मे

माणसं जाऊन आली. अगालीला तिथेच पुरलं. मी गेलो नाही, ताप आल्याचं सांगितलं.

खामादीन गेला होता. आला तो माझ्यासमोर येऊन बसला. पहिल्यांदाच मला माझ्या नावाने हाक मारली. म्हणाला, डोळे कोणीतरी मिटले होते. डोक्याशी दगड रचून सावली केली होती. शेजारी वाळूत गुडघ्यांचे खळगे, कोणीतरी पुष्कळ वेळ बसल्यासारखे. आणि तोंडावर पटका पांघरलेला.

"आम्हाला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "एकट्याने सोसलंस. पोलिसांना घाबरलास होय? अरे, त्याच्याजवळ शेवटपर्यंत बसलास. याहून जास्त कोण काय करणार?"

त्याने घडी केलेलं निळं कापड माझ्या मांडीवर ठेवलं. काठाला लाल दोऱ्याची टीप. माझ्या बहिणीचे टाके मी कुठेही ओळखेन.

माझा पटका माझ्या डोक्यावर होता. काठ चाचपला. टीप होती.

बुधवार, २१ मे

रिस्साला गिटारीतलं चुंबक काढून हवं होतं. ते काढताना तामू आली. मी पट्टी मेणातून सोडवली, ती तिने हातात घेतली, खाचेवरून अंगठा फिरवला. अक्षर बघितलं. तिच्या नवऱ्याने कोरलं होतं, मुलगा जन्मला तेव्हा.

"त्याने तुला दिलं?"

हो.

"शेवटी?"

मी मान हलवली. होकारार्थी. सगळे बघत होते आणि माझी मान हलली.

तिने चामड्याची दोरी मागितली, पट्टी बांधली आणि माझ्या गळ्यात घातली. माझे हात डोळ्यांना लावले. म्हणाली, "मला आता तू." मी हात सोडवून घेतले नाहीत.

गुरुवार, २२ मे

रस्त्यात माणसं थांबून विचारपूस करतात. खाटकाने काळीज बांधून दिलं, मी नको म्हणत असताना. एका म्हाताऱ्याने माझ्यासाठी स्वतःची चटई सोडली. पटका आता डोळ्यांच्या खालपर्यंत असतो. लोक म्हणतात, किती मर्यादशील मुलगा.

शनिवार, २४ मे

तामू वाटेत भेटली. म्हणाली, काल पिंप भरून दिलंस, एवढं पाणी वाहून आणलंस, आणि चहाला थांबलाही नाहीस.

काल मी दिवसभर चटईवर पडून होतो.

मी म्हटलं, त्यात काय.



सोमवार, २६ मे

खामादीनने दोन पिकअप दाखवले. चुंबकं बदललेली, जोड सुबक, मेण आरशासारखं. म्हणाला, "हा हात तुझा नव्हे रे. खरं सांग, कोणाकडून करून घेतलंस?" चेष्टेत. डोळ्यांत कौतुक होतं.

सकाळी मीच केलं, असं तो म्हणतो. सकाळी मी गावाबाहेर होतो. पांढऱ्या खडकांकडे निघालो होतो. अर्ध्या वाटेतून परत फिरलो. पुन्हा. निघालो आणि पुन्हा परत फिरलो.

रिस्सा म्हणाला, काल तू चांगलं बोललास. मी विचारलं, काय बोललो? तो म्हणाला, "त्या ओढ्यातलं. मला ऐकायची गरज होती." आणि त्याने माझ्यासमोर तोंडावरचा पटका खाली केला. इतक्या विश्वासाने. मी दुसरीकडे बघितलं.

मंगळवार, २७ मे

माझ्या नावाने गावात फिरतोय तो माझ्यासारखा आहे असं नाही. मी त्याच्यासारखा असायला हवा होतो. संध्याकाळच्या आत परत गेलेला. तिथे बसलेला —

अगालीला मी भेटलो ते खरं. मग त्याला जो भेटला, तोही —

खामादीनला आजीच्या गोष्टीबद्दल पुन्हा विचारलं. ते लोक परत जातात का? तो म्हणाला, ज्याचं रूप घेतलं त्याने ते परत मागितलं तर जातात. "पण मागायला तोंड लागतं," म्हणाला आणि हसला.

बुधवार, २८ मे

तामूला सांगितलं. सगळं. भर सकाळी, तिच्या दारात, पटका हनुवटीखाली घेऊन. पोलीस, खडक, चहाचे पेले. काडेपेटी. खजूर. तिथे मी नव्हतो म्हटलं. तुमचा मुलगा माझी वाट बघत मेला.

वाटलं होतं ओरडेल. मारेल. मारायला हवं होतं.

ती बाजरी पाखडतच होती. म्हणाली, "माहीत आहे मला. त्याने सांगितलं."

मी विचारलं, अगालीने?

"उक्सेमने. म्हणाला, एक जण येईल. असं असं सांगेल. त्याला रागावू नका, तो फार लाजलेला आहे." सूप खाली ठेवलं. माझ्याकडे कीव करून बघितलं, अनोळखी माणसाकडे बघतात तसं. "बस ना. तो आतच आहे. चहा घेतोय. बोलावू का त्याला?"

आत पेल्यात चहा ओतल्याचा आवाज. उंचावरून, बारीक धारेने. फेस यायला ओततात तसा.

बोलावू नका म्हटलं. धावलो.

परत माग म्हणाला होता खामादीन. माझं ते मला दे, एवढंच म्हणायचं होतं. पण माझं काय? पाणी त्याने पाजलं. डोळे त्याने मिटले. माझं म्हणून मागू काय —

गुरुवार, २९ मे

दुकानात. कामाच्या जागी बसलोय. इथून हलायचं नाही असं ठरवलंय.

सकाळी खामादीनला हाक मारली. त्याने बघितलं. गिऱ्हाइकाकडे बघतात तसं. म्हणाला, काय पाहिजे होतं? चेष्टा करतोय. चेष्टाच. मग म्हणाला, थोडं थांबा, मुलगा येईल आमचा, तो बघेल.

थांबा म्हणाला. मला.

मी ओरडून सांगितलं, मी उक्सेम. त्याने माझ्या उघड्या तोंडाकडे बघितलं आणि माझीच लाज वाटल्यासारखी मान फिरवली.

बाहेर आवाज झाला. चौकात कोणीतरी आलं. खाटीक हाक मारतोय. उक्सेम, उक्सेम. विचारपूस चाललीय. घरचे बरे ना. थकवा कसा काय. सगळं नीट विचारतोय तो, काही गाळत नाही. रिस्साचाही आवाज. खामादीनने त्याला शिवी दिली. त्याने उलट दिली, माझ्यापेक्षा झकास. हसतायत.

गळ्यातलं चुंबक सदऱ्यावरून उचललं गेलंय. दाराकडे. दोरी मानेत रुततेय, धरून ठेवलंय तरी —

आला. पटका हनुवटीखाली. तोंड उघडं. त्याला काय लपवायचंय? वाळू आहे गुडघ्यांना अजून. मी बघू शकत नाही त्याच्याकडे. वहीकडे बघतोय. वहीवर सावली.

रागावलेला नाही. किती हळू बोलतो. अहो-जाहो करतोय मला.

म्हणतोय, पाहुणे, जरा उठता का? ही जागा मा